ठिपका आधी लहान होतो

आमच्या प्रयोगशाळेत ‘साधारण’ हा शब्द चालत नसे. तसा लेखी नियम नव्हता. पण कुणी म्हणालं, “मॅडम, पेशींच्या साधारण शंभरेक वसाहती दिसतायत,” की मॅडम मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता विचारायच्या, “साधारण म्हंजे? मोजल्या का अंदाज केला?” अंदाज असेल तर अंदाज म्हणून सांगायचा, त्याला त्या कधी रागावल्या नाहीत. मोजलं असेल तर आकडा सांगायचा. या दोन्हींच्या मधलं काही त्यांना ऐकूच येत नसे. एकदा बाहेरून आलेल्या एका बड्या पाहुण्यांनी गप्पांच्या ओघात विचारलं, “मॅडम, साधारण किती वर्षं झाली तुम्हाला इथं?” मॅडम थांबल्या, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “एकोणीस वर्षं, चार महिने. दिवस सांगायला डायरी बघावी लागंल.” पाहुणे हसले. मॅडम हसल्या नाहीत, डायरी बघायला खरोखरच आत गेल्या.

उंचीनं लहान, काटक, सुती साडी आणि पायात पोरं पळायला घालतात तसले बूट. शहराच्या कडेला पडेगावात दोन खोल्यांचं घर होतं, तिथून लष्करी छावणीतून चालत संस्थेत यायच्या. हातात बारमाही काळी छत्री. भर जानेवारीत छत्री कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं.

“छावणीतल्या कुत्र्यांसाठी,” त्या म्हणाल्या. “फाडकन उघडली की पळत्यात. मारावं लागत नाय.”

दुसऱ्याचं बोलणं मनापासून ऐकायचं असलं की त्या डावा डोळा मिटून घ्यायच्या. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटायचं, काहींना तर डोळा मारल्यासारखं. खरी गोष्ट अशी होती की त्यांचं शिक्षण एका डोळ्यानं बघायच्या जुन्या मायक्रोस्कोपवर झालेलं. नीट बघायचं म्हणजे डावा डोळा मिटायचा, ही सवय मग ऐकण्यालाही चिकटली. आम्ही विद्यार्थी बोलताना त्यांच्या डाव्या डोळ्याकडे लक्ष ठेवून असू. मिटला, तर आपण काहीतरी कामाचं बोलतोय.

त्यांचं घर धनगराचं, सिल्लोडच्या पलीकडचं. लहानपण मेंढरांमागं गेलं. तो विषय त्या स्वतःहून काढत नसत आणि निघाला तर लपवतही नसत. वर्गात शिकवताना भाषा पुस्तकातली, मायक्रोस्कोपपाशी बसल्या की सिल्लोडची.

मी पैठणची. माझे वडील जायकवाडी धरणावर पाण्याची पातळी लिहायच्या कामावर होते. पीएचडीसाठी मुलाखतीला गेले तेव्हा मी आठवडाभर पाठांतर करून गेले होते. मॅडमनी माझ्या गुणपत्रिका बाजूला सारल्या.

“वडील काय करतात?”

मी सांगितलं.

“रोज लिहितात?”

“रोज. सकाळी सहाला.”

“पाऊस नसला, पातळी हललीच नाय, तरी?”

“तरी लिहितात, मॅडम. हलली नाही असं लिहितात.”

त्यांचा डावा डोळा मिटला. “उद्यापासून ये,” त्या म्हणाल्या. पाठ केलेलं सगळं माझ्यापाशीच राहिलं.

पहिले सहा आठवडे मला एकाही उपकरणाला हात लावू दिला नाही. काम एकच होतं, मायक्रोस्कोपमधून पेशी बघायच्या आणि पेन्सिलीनं वहीत काढायच्या. आमच्याकडे फोटो काढायचा चांगला कॅमेरा होता. मी म्हटलं, “मॅडम, फोटोत सगळंच येतं की.”

“फोटो मशीन काढतं. त्याला काय कळायचं हाय? चित्र काढताना तुला दरेक रेघेला ठरवावं लागतं, ही रेघ खरंच तिथं हाय का.”

त्या स्वतः आयुष्यभर काढत आल्या होत्या. पेशी वाढवायची दरेक बशी, दर दिवशी. आधी चित्र, मग फोटो.

आता त्या पेशी कसल्या ते सांगायला हवं. उंदराचा गर्भ तीन-चार दिवसांचा असताना त्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यांच्यातली कुठलीही पुढं हृदयाची होऊ शकते, कातड्याची, मेंदूची. त्या गर्भातून काढून बशीत वाढवता येतात, आणि योग्य ते खाणं दिलं तर तशाच, काही न ठरवता, वर्षानुवर्षं राहतात. याच भ्रूणाच्या मूळ पेशी. त्यांचा पुंजका बशीत गोल, फुगीर, कडेनं चमकणारा दिसतो. पेशींनी काही व्हायचं मनावर घेतलं की पुंजका चपटा पडतो, कडेच्या पेशी हातपाय पसरतात. एकदा पसरल्या की परत गोल होत नाहीत. निदान तेव्हा आम्ही तसं समजत होतो.

या पेशींना रोज ताजं खाणं द्यावं लागतं. रविवार नाही, दिवाळी नाही. आमच्या पाळ्या लागलेल्या होत्या. पण पाडव्याची पाळी कुणालाच लागली नाही कधी. त्या दिवशी मॅडम यायच्या, छत्री दाराला अडकवून, नवी साडी नेसून.

त्यांचा अभ्यासाचा विषय रायबोसोम. पेशीत प्रथिनं तयार करणारी ही बारीक यंत्रं. एकेका पेशीत ती लाखांनी असतात आणि सारखी नवी घडवली जातात. त्यांची घडण पेशीच्या केंद्रकात, एका गडद ठिपक्यात सुरू होते. पुस्तकात त्याला केंद्रकी म्हणतात. मॅडम ठिपका म्हणायच्या. ठिपका मोठा असला तर यंत्रांचं उत्पादन जोरात आहे, बारीक झाला तर मंदावलंय. मूळ पेशींत तो ठिपका चांगला टपोरा असतो. अजून काही व्हायचं ठरलेलं नाही आणि यंत्रं मात्र ढिगानं बनतायत, या गोष्टीचं मॅडमना फार नवल होतं. “पाव्हणं किती येणार माहीत नाय आन् चूल पेटवून बसलीय,” असं त्या म्हणायच्या.

तरुणपणी बेंगळुरूला असताना त्यांनी या विषयावर एक शोधनिबंध लिहिला होता. मूळ पेशी वेगळी व्हायला लागली की तिचं रायबोसोमचं उत्पादन उतरतं, असं त्यात होतं. आधी निर्णय, मग उतार. त्याची आकृती, एक जिन्यासारखी, पाठ्यपुस्तकांत गेली होती. मी बीएस्सीला असताना ती आकृती परीक्षेत काढून गुण मिळवले होते, ती मॅडमची आहे हे माहीत नसताना.

माझ्या दुसऱ्या वर्षी माझ्या बशा बिघडायला लागल्या.

सगळ्यांच्या नाही, फक्त माझ्या. खाणं तेच, उबवणी यंत्र तेच, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी माझे पुंजके चपटे पडायचे. मी हात तीनतीनदा धुतले, बाटल्या बदलल्या. प्रयोगशाळेतला माझा सीनियर चांगला मुलगा होता, पण एकदा बोलता बोलता म्हणाला, “काही जणांच्या हाताला पेशी लागतच नाहीत.” ते माझ्या डोक्यात बसलं. घरी वडिलांना सांगायची सोय नव्हती, ते फक्त विचारायचे, “काम हाय ना नीट?” मी हो म्हणायचे. पैठणच्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघाली होती, तिचा अर्ज मी भरून पर्समध्ये ठेवला होता.

एका सकाळी पुन्हा एक बशी चपटी दिसली. मी आजूबाजूला बघितलं. चित्र न काढता, वहीत न लिहिता, ती सरळ टाकायच्या ट्रेमध्ये टाकली आणि वरून जंतुनाशक ओतलं.

मॅडम मागं उभ्या होत्या.

“टाकलीस?”

“खराब झाली होती, मॅडम.”

“आधी चित्र काढलंस का?”

“नाही.”

मी त्यांना ओरडताना कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही त्या ओरडल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा असा झाला जणू मी कुणाला तरी रस्त्यावर टाकून आलेय. त्यांनी हातमोजे घातले, ट्रेमधून ती बशी काढली, निथळली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. पेशी मेल्या होत्या. काही दिसण्यासारखं राहिलं नव्हतं.

“तुझे वडील पातळी उतरली म्हणून वहीचं पान फाडतात का?”

मला रडू फुटलं. सगळं बाहेर आलं, बिघडलेल्या बशा, हाताचं ते वाक्य, पर्समधला अर्जसुद्धा. मॅडमनी डावा डोळा मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “फक्त तुझ्याच बशा बिघडत्यात, हे तुला वाईट वाटतंय. मला लई चांगलं वाटतंय. सगळ्यांच्या बिघडल्या असत्या तर कुठं शोधलं असतं? रविवारी तुझ्या सगळ्या वह्या घेऊन घरी ये.”

पडेगावच्या घरात बाहेरच्या खोलीत त्यांनी फरशी पुसून ठेवली होती. मी वह्यांतली पानं सोडवली आणि आम्ही ती ओळीनं मांडली, एका बशीची एक ओळ, दिवसांप्रमाणे डावीकडून उजवीकडे. खोली भरली. काही ओळी स्वयंपाकघरात गेल्या. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून खिडक्या लावल्या होत्या, घामानं दोघी निथळत होतो. मॅडम पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या आणि एकेका ओळीवरून रांगत गेल्या. 

मग एका ओळीपाशी थांबल्या. “चपटी कधी पडली ही?”

“पाचव्या दिवशी.”

“तिसऱ्या दिवसाचं बघ.”

मी बघितलं. पुंजका गोल, कडा चमकदार. मी तेव्हा शेजारी ‘उत्तम’ असं लिहिलेलं होतं.

“पुंजका नको बघू. कडेच्या पेशी बघ. ठिपका बघ.”

ठिपका बारीक होता. पहिल्या दिवशी मी ज्वारीच्या दाण्याएवढा काढलेला, तिसऱ्या दिवशी मोहरीएवढा. बाकी पेशीत काडीचा फरक नव्हता. आम्ही दुसरी ओळ बघितली, तिसरी बघितली. जिथं बशी बिघडली होती तिथं तिथं, पुंजका चपटा पडायच्या दोन दिवस आधी ठिपका बारीक झाला होता. मीच काढलं होतं सगळं. बघून, जसंच्या तसं. आणि मला ते दिसलं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणाले, “मॅडम, म्हणजे उतार आधी येतो! निर्णय नंतर!”

बोलल्यावर माझ्या लक्षात आलं मी कुणासमोर काय बोलले ते. ती जिन्यासारखी आकृती मला आठवली. त्यांच्या निबंधाच्या बरोबर उलटं होतं हे.

मॅडम उठल्या. आतल्या खोलीत खाटेखालून एक पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. बेंगळुरूच्या काळातल्या स्वतःच्या वह्या घेऊन त्या बाहेर आल्या. पानं पिवळी पडली होती, पेन्सिल मात्र स्वच्छ होती. माझ्या ओळींखाली त्यांनी आपली एक ओळ मांडली. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा.

त्यांचंही तसंच होतं. आधी ठिपका बारीक, मग पुंजका चपटा. त्यांच्याच हातानं, निबंध छापून यायच्या आधीच काढून ठेवलेलं.

त्या किती वेळ त्या पानांकडे बघत राहिल्या मला सांगता येणार नाही, मी मोजला नाही. मला पळून जावंसं वाटत होतं. शेवटी त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“बघ,” त्या म्हणाल्या, “हातानं बघितलं होतं. मी नाय बघितलं.”

एवढं बोलून त्या चहा टाकायला गेल्या. चहा देताना त्यांचा चेहरा मी चोरून बघितला. तिथं दुःख असेल अशी माझी खात्री होती. पण तो एखाद्या लहान मुलीसारखा उजळला होता, गाल लाल झाले होते. माणसाची वीस वर्षांहून जुनी समजूत एका दुपारी फरशीवर मोडून पडते आणि त्याला चहात साखर टाकायचं भान राहत नाही ते आनंदानं, हे मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चहा बिनसाखरेचा होता. आम्ही दोघींनी तसाच प्यायला.

पुढचा प्रश्न होता, माझ्याच बशा का? त्याचा छडा आठवडाभरात लागला. माझा सीनियर कर्करोगाच्या पेशींवर एक औषध वापरत असे. फार जहाल औषध, अगदी नखाएवढ्या मात्रेतही ठिपक्यातलं काम मंदावतं. ज्या क्षारद्रावणानं फक्त मी पेशी धुवायचे, त्याच बाटलीत अधूनमधून त्याची औषधाची पिपेट नकळत जात होती. त्याला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बाटली फेकलीस का?”

“नाही मॅडम, आत्ता फेकतो.”

“हात लावू नको. तिच्याइतकं कामाचं या खोलीत काय नाय.”

मग त्यांनी तीन बाटल्या केल्या. एकीत ते बिघडलेलं द्रावण, एकीत नवं, एकीत नव्यात मुद्दाम तेच औषध अगदी थोडं. कुठली कुठली हे फक्त त्यांना माहीत. मी तिन्हींनी पेशी धुवायच्या, रोज चित्रं काढायची आणि कुठल्या बाटलीत औषध आहे, कुठल्या नाही ते ओळखायचं. मी तिन्ही बरोबर सांगितल्या, पुंजके चपटे पडायच्या आधी, फक्त ठिपक्यावरून.

सगळ्यात नाजूक प्रयोग त्यानंतरचा. औषध देऊन ठिपका बारीक करायचा आणि मग औषध धुऊन काढायचं. एका दिवसाच्या आत धुतलं तर ठिपका पुन्हा भरायचा आणि पेशी मूळच्या मूळ राहायच्या. दोन दिवसांनी धुतलं तर ठिपका भरायचा, पण पेशी परत फिरत नसत. त्या पसरायच्या आणि पुढं निघून जायच्या. औषधाची मात्रा जास्त झाली तर मरायच्या. म्हणजे यंत्रांचं उत्पादन थोडं मंदावलं, एवढ्यानंसुद्धा पेशीला काहीतरी व्हायच्या वाटेला लावता येत होतं.

याच सुमाराला मॅडमच्या सत्काराचं व्याख्यान ठरलेलं होतं. पुण्याहून, हैदराबादहून लोक येणार होते, विषय त्यांचा तो जुना निबंध. विभागप्रमुखांना आमच्या कामाची कुणकुण लागली. ते मॅडमपाशी आले. माणूस भला होता, मॅडमविषयी आदरानंच बोलत होता.

“मॅडम, हे जरा महिनाभर थांबवता येईल ना? सत्कार होऊन जाऊ दे. मग सावकाश छापा. कुणाचं काही बिघडणार नाही.”

“व्याख्यानात मग काय सांगू?”

“जे आजवर सांगत आलात तेच.”

“आजवर मला माहीत नव्हतं साहेब,” मॅडम म्हणाल्या. “आता माहीत हाय.”

सभागृह भरलं होतं. मॅडमनी शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली आणि पडद्यावर पहिलं चित्र लावलं, ती जिन्यासारखी आकृती. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या संपेपर्यंत थांबल्या.

“ही आकृती माझी आहे,” त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. “ती चुकीची आहे. पायऱ्या बरोबर आहेत, क्रम उलटा आहे. आज मी तुम्हाला तो कसा उलटा आहे ते दाखवणार आहे.”

मग माझी पानं लावली, त्यांच्याखाली आपली जुनी पानं. चाळीस मिनिटं त्या इतक्या मजेत बोलल्या की जणू दुसऱ्याच कुणाची चूक सापडली होती. प्रश्नोत्तरांत पुण्याचे एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. त्यांना मॅडमना सांभाळून घ्यायचं होतं. म्हणाले, “आम्ही सगळेच ती आकृती शिकवत आलो. पण त्या काळच्या साधनांनी यापेक्षा जास्त दिसणं शक्यच नव्हतं, नाही का?”

“शक्य होतं,” मॅडम म्हणाल्या. “दिसत होतं. हे पान बघा ना. मी निबंधात घेतलं नाही, कारण पेशी चपटी पडल्यावरच मोजायचं असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. साधनांचा दोष नव्हता, सर.”

 मग त्यांनी माझं नाव घेऊन मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. मागच्या रांगेत वडील होते. पैठणहून सकाळच्या गाडीनं आले होते, पांढरा शर्ट घालून. व्याख्यानातलं त्यांना किती कळलं देव जाणे. नंतर मला म्हणाले, “बाई खरं लिहिणारी हाय.” धरणावरच्या माणसाकडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

नुकसान झालं. जुन्या निबंधाच्या जोरावर मॅडमना एक मोठा प्रकल्प मिळायचा होता, तो मिळाला नाही. जे नवं उबवणी यंत्र यायचं होतं ते आलं नाही, जुन्याच्या दाराला आम्ही रबर लावून चालवलं. आमचा निबंध दोन ठिकाणांहून परत आला आणि तिसऱ्या ठिकाणी, फारसं कुणी वाचत नाही अशा जागी, छापून आला. त्यानंतर इतरांनी या विषयात पुष्कळ भर घातली आहे, काहींनी आमच्याशी वादही घातला आहे. काही पेशींत क्रम इतका सरळ नसतो, हे आता मलाही माहीत आहे. वाद घालणाऱ्या प्रत्येकाला मॅडमनी स्वतः पत्र लिहून त्यांची मूळ चित्रं मागवली. दोन जणांनी पाठवली. त्यातल्या एकाचं बरोबर होतं, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. आवाजात तोच फरशीवरचा आनंद होता.

माझी तोंडी परीक्षा झाली, परीक्षकांनी अभिनंदन केलं, पेढे वाटून झाले. मी निघणार तर मॅडम म्हणाल्या, “कुठं चाललीस? तुझी परीक्षा व्हायचीय अजून. उद्या सिल्लोडच्या गाडीला ये.”

मला वाटलं थट्टा आहे. सीनियर म्हणाला, “थट्टा नाही. मीही दिलीय.” त्यांचा प्रत्येक विद्यार्थी पदवीआधी तिथं जाऊन आला होता आणि तिथलं काय ते कुणी कुणाला सांगत नसे.

सिल्लोडला उतरून आम्ही जीपनं पुढं गेलो आणि मग मक्याच्या कापलेल्या रानातून चालत. रानात मेंढरं बसवलेली होती, भोवती जाळी. एका बाभळीखाली घोंगडीवर मॅडमची आई बसली होती. नव्वदीच्या पुढची, कान तिखट, हातावर गोंदलेलं. मॅडम तिच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, “माय, ही पोरगी आलीय. हिनं काय केलं ते तुला सांगंल. कळलं तर पास, नाय तर पुन्ना करायला लावते.”

मी घोंगडीच्या कडेला बसले. परीक्षकांपुढं मी इतकी घाबरले नव्हते. केंद्रक, रायबोसोम, प्रथिन, एकही शब्द उपयोगाचा नव्हता. मी पोटातल्या गर्भापासून सुरुवात केली. सुरुवातीला सगळे कण सारखेच असतात, म्हटलं, कुणी डोळा व्हायचा आहे, कुणी खूर, पण अजून कुणाचंच ठरलेलं नसतं. प्रत्येकाच्या आत एक जागा असते, तिथं कामाची अवजारं बनतात. अवजारं बनायची जरा कमी झाली की तो कण काहीतरी व्हायला निघतो. आधी लोक म्हणायचे, तो निघतो म्हणून अवजारं कमी होतात. आम्हाला दिसलं की अवजारं आधी कमी होतात.

“व्हय,” म्हातारी म्हणाली. तिचा डावा डोळा मिटला होता. ती सवय मायक्रोस्कोपची नव्हती तर, मला वाटलं. “मंग? निघाला की गेला का? माघारी येतच नाय?”

“येतो, आजी. एका दिवसाच्या आत अवजारं परत सुरू केली तर येतो. दोन दिवस झाले तर नाही येत.”

तिनं मेंढरांकडं बघत विचारलं,

“मंग त्या एका दिसात त्यो कोन असतो? आधीचा बी नाय, पुढचा बी नाय.”

तीन परीक्षकांनी दोन तास मला प्रश्न विचारले होते. हा कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी मॅडमकडे बघितलं. त्या घोंगडीवर हाताचे तळवे टेकून, पुढं वाकून आईकडे बघत होत्या. वीसहून जास्त वर्षं त्यांनी ज्या पेशींवर काढली त्यांच्याविषयी त्या पहिल्यांदाच काहीतरी ऐकत असाव्यात तशा.

“माहीत नाय, माय,” त्या म्हणाल्या. “आमाला दोघींना बी माहीत नाय.”

“हाय का आता?” म्हातारी म्हणाली. “मंग पास कर तिला. तुला जे माहीत नाय ते तिला कुठनं यावं?”

आणि ती काठी टेकत उठली, कारण जाळीपलीकडं एक मेंढी अडकून ओरडत होती. आम्ही दोघी बाभळीखाली तशाच बसून राहिलो. मॅडम माझ्याकडे वळल्या, त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या हसत होत्या.

“एक दिवस,” त्या म्हणाल्या. “चोवीस तास. दर तासाला एक बशी काढली तर?”

“चोवीस बशा होतील, मॅडम.”

“पंचवीस. शून्य तासाची बी धरली पायजे.”

जीप निघून गेली होती. संध्याकाळच्या उन्हात आम्ही त्या रानात बसून पंचवीस बशांची आखणी करत राहिलो, आणि पलीकडं म्हातारी अडकलेल्या मेंढीचा पाय जाळीतून सोडवत तिला शिव्या देत होती.